गाडीचा घास

आमच्या घरी चारचाकी घ्यायची की नाही, यावर कधी वाद झाला नाही. वाद झाला तो तिच्या पोटात काय घालायचं यावर. आणि तोही माझा माझ्याशीच जास्त झाला.

२०२४ च्या पावसाळ्यात थोरल्याच्या आईचे गुडघे पार गेले. आमचं गाव नेवासे तालुक्यात, मुळा कालव्याच्या कडेला. डांबरी रस्त्यापासून गाव तीन किलोमीटर आत, आणि आमची वस्ती त्याच्याही पुढं. नगरला डॉक्टरकडं न्यायचं म्हणजे मी पुढं, ती मधी, आणि मागं पुतण्या तिला धरून, अशी मोटारसायकलची वरात. श्रावणात एकदा चिखलात तिघंही आडवे झालो. ती काही बोलली नाही. चिखल झटकला, पदर नीट केला आणि म्हणाली, "चला, नंबर जाईल." पण पुतण्यानं ते थोरल्याला फोनवर सांगितलं. थोरला सुप्याच्या एमआयडीसीत कामाला आहे. तो शनिवारी आला तो गाड्यांची चित्रं घेऊनच.

"अण्णा, आता काय विचार करायचा नाही. थोडे पैसे मी भरतो, थोडे उसाचं बिल आल्यावर तुम्ही भरा. आणि एक सांगू का? आता पेट्रोलात शंभराला वीस भाग इथेनॉल यायला लागलंय. एप्रिल २०२३ नंतरच्या नव्या गाड्या त्यालाच धरून बनवल्यात. म्हणजे आपल्याच उसावर आपली गाडी पळणार!"

हे ऐकून मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. दिल्लीत गडकरी साहेबांनी ऑगस्ट २०२३ मध्ये इथेनॉलवर चालणारी गाडी दाखवली होती, ती टीव्हीवर मी पाहिली होती. चाळीस वर्षं ज्या उसाला पाणी दिलं, तो आता आपल्याला दवाखान्यात नेणार. शेतकऱ्याला यापेक्षा काय पाहिजे?

आणि इथेनॉलचं माझ्यावर ऋण आहे. आम्ही ज्या कारखान्याला ऊस घालत होतो, त्यानं एका काळी दोन हंगामांचे पैसे अडकवले होते. कायदा सांगतो की ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे. आम्ही चौदा महिने खेटे घातले. साखरेला उठाव नाही, गोदामं भरलेली, बँक पैसे सोडत नाही, अशी उत्तरं. त्यात धाकटीचं नर्सिंग सुरू होतं. तिची फी भरायला तिच्या आईनं डोरलं गहाण टाकलं. पुढं कारखान्यांनी इथेनॉल करायला सुरुवात केली. साखर विकायला वर्ष लागतं, पण इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर येतात. मग आमची बिलं वेळेवर निघू लागली. डोरलं सुटलं. धाकटी आज पुण्यात नर्स आहे. तेव्हा इथेनॉलला नावं ठेवायला मी काही धुतल्या तांदळाचा नाही.

मग माशी शिंकली कुठं? ती शिंकली एका कोपीवर.

त्या वर्षी डिसेंबरात आमच्या उसाला टोळी आली. पाथर्डी आणि आष्टीकडची माणसं. बांधाच्या पलीकडं त्यांनी कोप्या घातल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत पहाटे चारपासून थंडीत ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. तोडलेल्या उसाचे वाढे तेवढे त्यांचे. ते विकून मीठ-मिरची, साबण भागवायचा.

एका संध्याकाळी त्यातली एक बाई ओट्यापाशी आली. हातात रिकामी पिशवी. "मालक, जवारी हाय का चार-पाच किलो? फुकट नगं, पैशानं द्या. घरून आणलेली बाजरी सरली. दुकानात लई महाग लावत्यात."

मी म्हणालो, "ज्वारी न्हाई गं बाई घरात. आम्हीच विकत आणतो."

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग कालव्याकडं, मग उभ्या उसाकडं. "येवढी पाण्याची जमीन, आन् घरात जवारी न्हाई?"

टोमणा मारायचा म्हणून ती बोलली नाही. तिला खरंच नवल वाटलं होतं. तिची जमीन माळाची, पाऊस पडला तर बाजरी, नाही तर कोयता. पाणी असलेल्या माणसाच्या घरात धान्य नसतं, हे तिला कळेना. थोरल्याच्या आईनं आतून पिठाचा डबा आणला आणि होतं त्यातलं निम्मं तिच्या पिशवीत ओतलं. बाई गेली. मी ओट्यावरच बसून राहिलो.

कारण मला माझी आई आठवली.

१९७२ च्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. आई-वडील रोजगार हमीवर खडी फोडायला जायचे. रोजची सुकडी मिळायची, आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो. लोक म्हणायचे, तिकडं हे जनावरांना घालतात. भाकरी थापली की फुटायची आणि घशाखाली उतरायची नाही. एकदा मिलोच्या ट्रकमधलं एक पोतं फाटलं आणि रस्त्याच्या कडेनं लांबवर दाणे सांडले. आई आणि दुसऱ्या चार बाया मातीतून एकेक दाणा टिपत संध्याकाळपर्यंत चालत राहिल्या. घरी आल्यावर आईनं ते सुपात पाखडले, धुतले, वाळवले. दळून भाकरी झाली तेव्हा तिनं डोळे मिटून प्रार्थना केली. प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत आपण मराठी माणसं भाकरच मागतो. आई त्या शब्दापाशी जरा थांबायची. सणाच्या दिवशी पोळी असली तरी तिथं थांबायचीच. दाण्यावर पाय पडला तर आम्हाला वाकून त्याच्या पाया पडायला लावायची. पाळकांना ते पटत नसे, ख्रिस्ती माणसानं दाण्याच्या पाया पडू नये म्हणत. आई म्हणायची, "देवानं दिल्यालाच हात जोडते, दुसऱ्या कुनाला न्हाई."

त्या आईचा मी मुलगा. मुळेचं पाणी आलं, ज्वारी गेली, ऊस आला. आमच्या मंडळीत हंगामाच्या उपकारस्तुतीला पूर्वी वेदीपुढं ज्वारीची रास, तुरी, वांगी, अंडी, पाय बांधलेली कोंबडी असायची. मग उपासनेनंतर लिलाव, हसाहशी. आता दोन्ही खांबांना उसाच्या मोळ्या बांधतात, शोभेला. आणि वेदीपुढं पाकिटं.

त्या रात्री मी कॅलेंडरच्या मागं पेन्सिलनं हिशेब मांडला. दहावी झालेल्या माणसाला जमेल एवढाच.

थोरल्यानं ठरवलेल्या गाडीची टाकी साधारण पस्तीस लिटरची. त्यात वीस टक्के म्हणजे सात लिटर इथेनॉल. एक टन उसाच्या रसातून सत्तरेक लिटर निघतं. म्हणजे एका टाकीला शंभर किलो ऊस. हे वाचून काही वाटत नाही. शंभर किलो उसाची दहा-अकरा किलो साखर होईल, आणि साखर कमी खाल्ली म्हणून कोणी मरत नाही. पण इथेनॉल आता नुसत्या उसाचं राहिलं नाही, मक्याचंही होतं. मक्याच्या इथेनॉलला तर उसापेक्षा जास्त भाव, लिटरला ७१ रुपये ८६ पैसे. रसाच्या इथेनॉलला ६५ रुपये ६१ पैसे. सात लिटरला अठरा किलोच्या आसपास मका लागतो. त्यातला तिसरा हिस्सा पेंडीसारखा जनावरांच्या खाद्याला परत येतो, हेही लिहिलं पाहिजे. सरकारी गोदामातला तांदूळही इथेनॉलला देतात. गोदामात तो जास्त झाला होता म्हणून दिला, हे खरं. पण सात लिटरला पंधरा-सोळा किलो तांदूळ जातो. रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो मिळतात. म्हणजे एका टाकीच्या पोटात तीन माणसांचं महिन्याचं रेशन.

शेवटी पाण्याचा आकडा मांडला. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात आहे की उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. साता गुणिले झाले वीस हजार लिटर. दहा हजारी टँकर धरला तर दोन टँकर. उन्हाळ्यात पाथर्डीकडच्या वाड्यांवर टँकर आला की बाया हंडे घेऊन कशा पळतात, ते मी पाहिलंय. ती पिशवीवाली बाई त्यातलीच. तिच्या गावचं पाणी मी काही चोरलं नाही. पण देवाघरी हिशेब झाला तर मी काय सांगणार? की बाई, तुझे दोन टँकर माझ्या बायकोच्या गुडघ्याला लागले?

पेन्सिल ठेवली आणि झोपलो, पण झोप आली नाही.

सकाळी थोरल्याला फोनवर सगळं वाचून दाखवलं. तो शांतपणे ऐकून घेतो, हा त्याचा गुण. मग म्हणाला, "अण्णा, साधं पेट्रोल काय पवित्र आहे का? आपल्या देशाला लागणारं शंभरातलं पंच्याऐंशी भागांहून जास्त कच्चं तेल बाहेरून येतं. त्याच्यासाठी जगात लढाया होतात. त्याचा धूर तुमच्या नातवाच्या छातीत जातो. ते पैसे बाहेर जाण्यापेक्षा शेतकऱ्याला मिळाले तर वाईट काय?"

त्याचं चूक नव्हतं. मी म्हणालो, मग डिझेल? तो म्हणाला, छोट्या गाड्यांत डिझेल आता जवळजवळ राहिलंच नाही. गॅसची घ्यावी, तर भरायला लांब जावं लागतं. विजेची घ्यावी, तर आमच्या वस्तीवर लाईट कधी येते हे विचारायचं नाही. आणि पेट्रोल पंपावर विचारून बघितलं, बिनइथेनॉलचं मिळेल का? पंपावरचा पोरगा हसला. म्हणाला, "बाबा, जे येतं तेच देतो."

म्हणजे निवड करायला जागाच नव्हती. असं झालं की माणूस पटकन मोकळा होतो. आपल्या हातात नाही ना, मग आपलं पापही नाही. मीही तसा मोकळा होणार होतो.

बुधवारी आमच्याकडं घरोघर प्रार्थनासभा असते. त्या बुधवारी ती आमच्याच ओट्यावर होती. वाचनाला रूथचा भाग निघाला. परकी विधवा, बवाजाच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागं सरवा वेचते ती गोष्ट. लेवीयात नियमच आहे, की शेत कडेपर्यंत कापू नका, पडलेला सरवा उचलू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडा. मी लहानपणापासून हे शंभरदा ऐकलंय. पण त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं, की उसाच्या शेतात सरवा कुठं असतो? ज्वारी काढली की कणसं पडतात, भुईमूग उपटला की शेंगा मातीत राहतात, कापसालाही वेचणी मागं उरते. आमच्या लहानपणी सरवा वेचून बाया दोन-दोन महिन्यांचं धान्य करायच्या. उसाखाली पाचट राहतं. तोडणाऱ्याला वाढे मिळतात, पण ते जनावर खातं, माणूस नाही.

मी ते बोलून दाखवलं, आणि गाडीचाही हिशेब सांगितला. एक वडील मंडळी म्हणाले, "आरं, गाडी घे आन् देवाचं आभार मान. पेट्रोलात काय हाय ते सरकार बघंल." दुसरे म्हणाले, "सरकारनं तरी कुठं बघितलं? पाऊस कमी झाला तवा डिसेंबर २०२३ ला रसाचं इथेनॉल बंद करा म्हणून हुकूम काढला, मग थोडा ढिला केला, पुढच्या साली उठवला." ते खरंच होतं. तेव्हा आम्ही शेतकरी सरकारवर चिडलो होतो. पण आता वाटतं, साखर आधी की गाडी आधी, हाच प्रश्न त्या हुकमात होता. माझ्या ओट्यावर तो वर्षभरानं आला एवढंच.

पाळक साहेब तरुण आहेत, माझ्या धाकटीच्या वयाचे. बराच वेळ त्यांनी काही सांगितलं नाही. मी विचारलं, "साहेब, ख्रिस्ती माणसानं अशी गाडी घ्यावी का न्हाई, एवढं सांगा." ते म्हणाले, "अण्णा, मला हो-नाही सांगता येत नाही. काकूंना दवाखान्यात न्यायचंच आहे. पण तुम्ही पंपावर उभं राहून विचार करताय. देवानं तुम्हाला पंपाचा मालक केलं नाही, सहा एकराचा कारभारी केलंय. हिशेब त्याचा द्यायचाय."

सगळे गप्प झाले. आतून थोरल्याच्या आईचा आवाज आला, "ऐकलं का कारभारी? चहा न्या आता." ओट्यावर हशा पिकला. पण तो शब्द माझ्या मनात रुतला.

गाडी आम्ही घेतली. नाताळाच्या आधी आली. पाळक साहेबांनी प्रार्थना केली, नातवानं पुढं फुगे बांधले. पहिली फेरी नगरच्या डॉक्टरची. थोरल्याची आई मागच्या सीटवर पाय लांब करून बसली आणि वडाळ्याच्या मिशन दवाखान्यावरून गाडी पुढं गेली तेव्हा म्हणाली, "हिथं थोरल्याच्या बाळंतपणाला बैलगाडीत आले होते मी." एवढंच. त्या बाईचे गुडघे आणि माझा हिशेब एका तराजूत घालायची माझी हिंमत नाही. गाडी घेतली याचं मला पाप वाटत नाही.

पण उन्हाळ्यात मी एक काम केलं. चार एकर ऊस होता. त्यातला दीड एकराचा खोडवा मोडला आणि रान नांगरून तापायला टाकलं. उरलेल्या अडीच एकराला ठिबक केलं. पाट सोडून झोपायची सवय होती, ती गेली. २०२५ च्या ऑक्टोबरात त्या दीड एकरात मालदांडी ज्वारी पेरली. पेरायला पाभर धरणारा माणूस शोधावा लागला. थोरला म्हणाला, "अण्णा, तुम्ही गाडीला दंड लावलाय, आणि तो भरायचाय मला." त्याचा राग मला कळतो. गाडीचा हप्ता त्याच्या पगारातून जातो, आणि त्या दीड एकरात उसाच्या मानानं निम्म्याहून कमी पैसे आले. शेजारच्यांनी तर सांगून टाकलं, म्हाताऱ्याला वेड लागलंय, कालव्याच्या पाण्यावर कोणी ज्वारी करतं का.

मीही त्यांना उत्तर देऊ शकत नाही. दीड एकर ज्वारीनं देशाचं पोट भरत नाही, आणि माझ्या गाडीतलं इथेनॉल कमी होत नाही. महिन्याला एक टाकी भरतोच आहे. अडीच एकर ऊस कारखान्याला जातोच आहे, आणि त्याचं मळीपासून इथेनॉल होतं की सरळ रसापासून, हे मला कोणी विचारत नाही. मला विचारलं तर सांगेन, साखर काढून उरलेल्या शेवटच्या मळीचं करा, तो उरलेला माल आहे, त्यानं कोणाचा घास जात नाही. पण भाव कशाला जास्त मिळतो ते वर लिहिलंय.

या फेब्रुवारीत ज्वारी काढली. माणसं लावून काढली. चारी बाजूंच्या कडेला दोन-दोन ओळी सोडायला सांगितल्या, तर मुकादम म्हणाला, "विसरलं का काय मालक?" म्हटलं, विसरलं नाही. कणसं खुडून झाली, कडबा बांधला, आणि मी बांधावर जाऊन कोप्यांकडं हाक मारली.

तीच टोळी पुन्हा आली होती. ऊस तोडून दमलेल्या बाया लगेच येतील असं वाटलं नव्हतं, पण पाच जणी आल्या. पोरं आली. ती पिशवीवाली बाईही होती. तिनं पदराची खोळ केली आणि कडेच्या ओळींतली कणसं खुडू लागली. मग वाकून ढेकळांतून पडलेली वेचू लागली. माझी आई मिलोचे दाणे वेचायची तशीच, डावा हात गुडघ्यावर ठेवून.

दिवस मावळला तेव्हा तिच्या खोळीत आठ-दहा किलोची कणसं असतील. जाताना ओट्यापाशी थांबली. आत पाहून थोरल्याच्या आईला म्हणाली, "आक्का, येता का जेवायला? ह्या जवारीची भाकर करते."

थोरल्याची आई खरंच गेली. काठी टेकत बांध ओलांडून गेली. गाडी दारात उभी होती, पण तिथवर गाडीचा रस्ता नाही.